आधी कॅसेट वाचवा, डेक नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते कळेल. तासगावात एका घराच्या वाटणीत जुनं सामान निघालं. त्यातला एक ॲम्प्लिफायर, एक कॅसेट डेक, लाकडी पेट्यांमधले दोन स्पीकर आणि एक व्हीसीआर असं सगळं मिळून तुम्ही साडेतीन हजारांना उचललंत. ॲम्प्लिफायर डाव्या बाजूला सतत गुणगुणतो आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखरतो. डेक हळू चालतो, आवाज रडका येतो. व्हीसीआरने लावलेली पहिलीच कॅसेट गुंडाळून टाकली. नशीब, ती कुठल्याशा सिनेमाची होती. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, सगळे कंडेन्सर, म्हणजे आतले वीज साठवणारे पार्ट, बदलू, चार हजार होतील. एवढे घालावेत का, असं तुम्ही विचारताय. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, सांगितलंय की घरात आजोबांच्या कीर्तनाच्या अकरा कॅसेट आणि ताईच्या लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट आहे.

माझ्या हिशोबी ती शेवटची ओळच खरा प्रश्न आहे. ॲम्प्लिफायर जळला तर दुसरा मिळेल. डेकही शोधला की मिळतो. आजोबांची कॅसेट एकच आहे, आणि ती वाया घालवायला बिघडलेला डेक अर्धं मिनिटसुद्धा घेत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. सांगलीत माझं दुकान एकतीस वर्षं आहे. रेडिओ, टेप, टीव्ही, व्हीसीआर, मग डीव्हीडी, मग होम थिएटर, आणि गेल्या काही वर्षांत फिरून पुन्हा टेप. दुकान नवं असताना कवठे महांकाळकडचे एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आले. बेल्ट बदलला, मोटर फिरली, आता लावून बघू म्हटलं. माझी टेस्टिंगची कॅसेट हाताशी नव्हती, त्यांच्या पिशवीत एक होती, तीच लावली. टेप दाबून धरणाऱ्या छोट्या चाकाचं, पिंच रोलरचं, रबर चिकट झालं होतं ते मी बघितलंच नव्हतं. टेप रबराला चिकटली आणि टेप पुढे सरकवणाऱ्या फिरत्या दांड्याभोवती, कॅप्स्टनभोवती, गुंडाळत गेली. स्टॉप दाबून दार उघडेपर्यंत हातभर टेप आत. ती चुरगळलेली टेप शेवटी कापून काढली आणि दोन टोकं सांधली. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे हातभर टेपेत नऊ-दहा सेकंद गेले. कॅसेटवर त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ते मला काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "एक ओवी अर्धी राहिली बघा." त्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या खणात दहा-बारा टाकाऊ कॅसेट कायम असतात. आधी त्यातली एक चालवून बघतो, गिऱ्हाइकाची कॅसेट त्यानंतरच मशीनमध्ये जाते.

तेव्हा पहिलं काम: त्या अकरा आणि एक अशा बाराही कॅसेट कपाटात, उभ्या, मॅग्नेटपासून लांब ठेवा. स्पीकरच्या पेटीवर तर अजिबात नको. आणि तुमच्या डेकला किंवा व्हीसीआरला त्या सध्या दाखवूसुद्धा नका.

आता सामानाकडे वळू. आमच्या भागात जुनी वस्तू हातात घेतली की मी मॉडेल नंबरच्या आधी एक गोष्ट बघतो, ती पाण्यात होती का. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सांगलीने बघितले. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. मारुती रोड, हरभट रोड, गावभाग, खणभाग, खालच्या मजल्यांवर जे होतं ते सगळं पाण्यात. त्यातलं पुष्कळ सामान नंतर धुऊन, वाळवून, वरून पॉलिश मारून फिरत राहिलं. तासगावात पुराचं पाणी आलं नाही हे खरं, पण वस्तू कुठून कुठे फिरत आली ते वस्तूलाच विचारावं, विकणाऱ्याला नको.

वस्तू सांगतेही. प्लग काढलेला असू द्या, काही तास तशीच राहू द्या, मग वरचं झाकण काढा. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांच्या फटीत, बोर्डाच्या खालच्या अंगाला, स्क्रूच्या खाचांत बघा. घरातली साधी धूळ करड्या रंगाची असते, तिच्यात केस, धागे, झुरळांच्या लेंड्या असतात. पुराचा गाळ मातकट, एकसारखा, आणि बोटावर घेतला तर पावडरीसारखा मऊ लागतो. स्क्रू ठरावीक उंचीपर्यंतच गंजलेले असतात, त्यावरचे चकचकीत. स्पीकरच्या पेटीचा तळ फुगलेला असतो, कारण आतला भुश्शाचा बोर्ड पाणी पितो. ही लक्षणं दिसली तर माझं उत्तर बदलतं. बुडालेला ट्रान्सफॉर्मर उन्हात वाळवून मी लाइनवर लावत नाही. आतल्या गुंडाळ्यांमध्ये ओल राहते आणि इन्सुलेशन कधी सोडेल सांगता येत नाही. मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, तपासल्याशिवाय तो चालू करू नये. असा नग असेल तर त्याचे नॉब, झाकण, हीट सिंक (ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा जाड धातूचा भाग) काढून ठेवा आणि पुढे चला. तो कोरडाच होता असं धरून मी पुढचं लिहितो.

यापुढे मेनचं, म्हणजे घरच्या विजेच्या लाइनचं काम आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. मल्टिमीटर वापरता येत असेल आणि २३० व्होल्टची भीती मनात असेल तरच हात घाला. भीती नसलेल्या माणसाला मी टेबलाशी बसू देत नाही. मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. तो स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडत उतरवायचा नसतो, रेझिस्टर लावून उतरवायचा असतो. व्हीसीआरच्या पॉवर सप्लायमध्ये तर मेनच थेट डीसी होतो, सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास. ते झाकण तुम्ही उघडू नका.

माझ्या टेबलावर एक लाकडी फळी आहे. तिच्यावर बल्बचा होल्डर, एक सॉकेट आणि स्विच, सगळं सिरीजमध्ये. होल्डरमध्ये १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब. कुठलाही अनोळखी नग पहिल्यांदा या सिरीज बोर्डावरच लागतो, स्पीकर न जोडता. बल्ब एकदा भप्पकन लागून मंद झाला तर बहुतेक ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच अडतो आणि ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर वाचतात. इथे एलईडी बल्ब चालत नाही. तार तापली की तिचा रोध वाढतो, सगळी गंमत त्यात आहे. तारेचा १०० वॉटचा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही, म्हणून मी चार-पाच जपून ठेवलेत, बायको त्यांना माझे दागिने म्हणते. आणि एक, सिरीज बल्ब नग वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक तेवढाच बसतो.

आता तो डावीकडचा गुणगुणाट. मेकॅनिकच्या सल्ल्याशी मी इथे असहमत आहे आणि का ते सविस्तर सांगतो, कारण कंडेन्सर बदलू हे वाक्य तुम्हाला पुढेही सगळीकडे ऐकू येईल.

घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये बहुतेक वेळा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच पॉवर सप्लाय असतो. मेनचे ५० हर्ट्झ रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागातून, जाताना १०० होतात, आणि ते गाळून सपाट करायचं काम मोठ्या फिल्टर कंडेन्सरचं. ते सुकले, तर गुणगुण दोन्ही बाजूंना यायला हवी. घराची टाकीच गढूळ असेल तर एकाच नळाला गढूळ पाणी कसं येईल? तुमची एकच बाजू गुणगुणते. म्हणजे टाकीवर संशय घेण्याआधी नळ बघा. काही महागड्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही बाजूंचे सप्लाय वेगळे असतात हे खरं. तुमच्यात ट्रान्सफॉर्मर एकच आणि मोठे कंडेन्सर दोनच दिसत असतील, तर सप्लाय सामाईक आहे असं धरायला हरकत नाही.

नळ बघायची रीत सोपी आहे. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. गुणगुण त्याबरोबर कमी झाली तर दोष व्हॉल्यूमच्या आधी आहे, म्हणजे सॉकेट, वायर, सिलेक्टर किंवा सोर्स. तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे. मग सेट बंद करून मागच्या डाव्या-उजव्या इनपुट वायरींची अदलाबदल करा. गुणगुण उजवीकडे सरकली तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे, गुन्हेगार वायर किंवा डेक. सरकली नाही तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत, आणि तोही अर्ध्याच भागात. दहा मिनिटांत, एक रुपया खर्च न करता, अर्धं यंत्र तुम्ही संशयातून मोकळं केलंत.

न बघता सांगणं धोक्याचं, तरी माझा अंदाज मागच्या इनपुट सॉकेटवर आहे. वर्षानुवर्षं वायर खुपसून आणि उपटून सॉकेटचे पाय बोर्डावर हलतात. भिंग घेऊन बघितलं तर पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी गोल चीर दिसते. हाच तो ड्राय सोल्डर. अर्थिंगच्या पायाचा जोड असा सुटला की ती बाजू गुणगुणते. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने सॉकेट हलकेच दाबून बघा, आवाज बदलला तर सापडला. जुनं सोल्डर काढून नवं घातलं की काम झालं. माझ्याकडे येणाऱ्या एका बाजूच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

स्पीकर जोडण्याआधी मात्र एक मोजणी सोडू नका. ॲम्प्लिफायर चालू, स्पीकर काढलेले, इनपुट काही नाही, पाच मिनिटं तापू द्या. मग मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर टेकवा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर मी निश्चिंत. १००च्या वर असेल तर कारण शोधतो. आकडा काही व्होल्टमध्ये असेल तर बहुधा आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला आहे आणि तो डीसी तुमच्या स्पीकरची कॉइल जाळेल. एखाद्या बाजूला चांगला आकडा आला म्हणून दुसरी मोजायची राहू देऊ नका.

खरखरीचं सोपं आहे, बहुतेक वेळा. व्हॉल्यूमच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ आणि ऑक्साइड साचतं. काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा आत मारायचा आणि नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. गंज सोडवायचा स्प्रे वापरू नका, तो मागे चिकट थर ठेवतो. शिवणयंत्राचं तेल घातलेले व्हॉल्यूम तर मी कितीतरी बघितलेत. दोन दिवस छान चालतात, मग धूळ आणि तेलाचा चिखल. पण साफ करूनही दर वेळी नॉब फिरवल्यावर भर्र असा आवाज येत असेल तर पट्टी दोषी नाही. आधीचा एखादा कपलिंग कंडेन्सर, जो आवाज पुढे सोडतो आणि डीसी अडवतो, तो गळतोय आणि पट्टीतून डीसी वाहतोय. तिथे कंडेन्सर बदलणं योग्य. तो एक, सगळे नाहीत.

तुमचा मेकॅनिक फसवतोय असं मी म्हणत नाही. निदानाचे पैसे कोणी देत नाही, पार्टचे देतात, म्हणून धंदा सगळ्यांना तिकडे ढकलतो. पण एका बैठकीत तीस-चाळीस कंडेन्सर बदलले की जुन्या बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्या उखडतात, एखादा उलटा लागतो, आणि मूळ दोष तसाच राहिला तरी आता तो नव्या चुकांच्या गर्दीत लपतो. मिरजेहून माझ्याकडे असाच एक आला होता, सगळे कंडेन्सर नवे कोरे, एक उलटा बसून फुगलेला, आणि सॉकेटचा ड्राय सोल्डर होता तिथेच.

मग कंडेन्सर बदलायचेच नाहीत का? बदलायचे, कारण दिसलं की. टोपी फुगलेली, बुडाशी ओल किंवा पांढरट पूड, मीटरवर क्षमता पडलेली किंवा ईएसआर, म्हणजे कंडेन्सरचा आतला रोध, वाढलेला, हीट सिंकला चिकटून बसलेला. उष्णता हा त्यांचा मुख्य शत्रू आहे. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणून ८५ अंशांचा काढून १०५ अंशांचा लावतो, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, आणि दुकानातून आणलेला नवासुद्धा मोजूनच. जपानी सेटमध्ये आणखी एक बघा. मोठे कंडेन्सर बोर्डाला धरून ठेवायला लावलेला पिवळा गोंद जुना होऊन तपकिरी होतो, मग तो करंट जाऊ देतो आणि शेजारच्या पार्टचे पाय खातो. कंडेन्सर शाबूत आणि गोंदच आरोपी, असंही होतं.

आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा एसटीकेचा आयसी (आउटपुटचं काम एकाच चिपमध्ये करणारा पार्ट) गेला असेल तर सांभाळा. बाजारात नकली माल फार आहे. अक्षरं तीच, आत चिप बारीक; बारीक आवाजात चालतो आणि पहिल्या गणपतीत जातो. मी त्यापेक्षा मेलेल्या सेटमधून काढलेला जुना, तपासलेला पार्ट लावतो. २एन ३०५५ हा ट्रान्झिस्टर वापरणारे जुने देशी ॲम्प्लिफायर या बाबतीत सोयीचे, तिथे निदान पर्याय खूप आहेत.

आता डेक. माझ्या मते तुमचे पैसे आणि वेळ आधी इथे जायला हवेत, कारण अकरा कॅसेट यावर अवलंबून आहेत. हळू चालतो म्हटलं की लोक मोटरच्या मागच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून वेग वाढवतात. ते सगळ्यात शेवटी. आधी बेल्ट. जुना बेल्ट सैल होतो किंवा वितळून डांबरासारखा होतो. ते डांबर पुलीवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायला बेल्ट बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मजुरी त्याचीच असते. माप घ्यायचं तर पुल्यांभोवती बेल्टच्या वाटेने दोरा फिरवा, लांबी मोजा, त्यापेक्षा पाचेक टक्के लहान बेल्ट घ्या. घरातलं रबरबँड लावू नका. मग पिंच रोलर: तो मऊ, काळा, न चमकणारा हवा. चकाकत असेल तर अल्कोहोलने पुसा, चिकट किंवा भेगाळलेला असेल तर बदला. मग कॅप्स्टनच्या बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब, एकच, आणि तो रबरावर जाता कामा नये. एवढं करून वेग कमीच असेल तर मोटर.

वेग मोजायला टेस्ट कॅसेट आणि फ्रिक्वेन्सी मीटर असतो, माझ्याकडे आहे. तुमच्याकडे पेटी वाजवणारं कोणी असेल तर तेही पुरे. कंपनीची छापील कॅसेट लावा आणि तेच गाणं मोबाइलवर ऐका. मोबाइलवर काळी एकमध्ये असलेलं गाणं डेकवर पांढरी एकमध्ये येत असेल तर डेक साधारण ६ टक्के हळू आहे. मिरजेतल्या एका तंबोरे करणाऱ्या कारागिराने मला हे शिकवलं. माझा मीटर काय सांगतो ते तो नुसत्या कानाने सांगायचा, आणि चुकायचा नाही.

आजोबांच्या कॅसेटच्या बाबतीत मात्र एक गुंता आहे. त्या बहुधा देवळात, सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर भरलेल्या असणार. सेल उतरत गेले की रेकॉर्डिंगच्या वेळी टेप हळू सरकते, आणि चांगल्या डेकवर तो भाग जलद, किनरा ऐकू येतो. म्हणजे कीर्तन उत्तररंगात आलं की बुवांचा आवाज चढत गेल्यासारखा वाटेल. तो डेकचा दोष समजून डेक बिघडवू नका. जसंच्या तसं उतरवून घ्या, वेग नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करता येतो.

दुसरं, प्रत्येक रेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज भरणारा आणि वाचणारा भाग, किंचित वेगळ्या कोनात बसलेलं असतं. तो कोन जुळला नाही की आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा दबका येतो. हेडच्या शेजारी स्प्रिंगचा एक बारीक स्क्रू असतो, ॲझिमथचा, म्हणजे हा कोन जुळवायचा. त्याची आधीची जागा रंगाच्या ठिपक्याने नोंदवा. डेकचा आवाज मोनो करून ऐका, कीर्तनातला गजराचा भाग लावा आणि कान फक्त टाळांवर ठेवा. स्क्रू अगदी किंचित-किंचित फिरवत जा. एका जागी टाळ एकदम लख्ख होतात, किण्ण असा स्पष्ट ठोका येतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा खळखळ. तीच जागा. गाणाऱ्याच्या आवाजावर हे जुळवायला गेलात तर फसाल, माणसाच्या आवाजात तेवढी वरची पट्टी नसते. प्रत्येक कॅसेटला हे परत करावं लागेल, आणि सगळं झाल्यावर स्क्रू मूळ ठिपक्यावर.

लावण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेले थर मोकळे होतात. त्याआधी कॅसेटच्या तोंडाशी असलेला वाटाण्याएवढा फेल्टचा तुकडा जागेवर आहे ना ते बघा. तो गळून पडला असेल तर आवाज जवळजवळ येतच नाही आणि लोकांना वाटतं पुसली गेली. स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटच्या कवचात टेप बसवली की आवाज परत येतो. ९० मिनिटांच्या टेपा पातळ असतात आणि १२०च्या तर फारच. त्यांना वारंवार मागेपुढे करू नका. डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरला घ्या, वेव्ह फाइलमध्ये, पातळी थोडी कमी ठेवून. एमपीथ्री नंतर करता येते. लक्षात घ्या, या कामाला ॲम्प्लिफायर लागतच नाही. म्हणून म्हटलं, चार हजार तिथे घालू नका.

व्हीसीआरवर मी जीव टाकणार नाही. जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी मानली जाते. पार्ट आता दुसऱ्या मेलेल्या व्हीसीआरमधूनच. टेप गुंडाळतो म्हणजे टेप ओढून घेणारं रीळ फिरत नाही, त्याला फिरवणारं रबरी चाक, आयडलर, घसरतो, किंवा पिंच रोलर गेला. दुरुस्त होतं, पण एका कॅसेटसाठी नव्हे. चालू व्हीसीआर असलेल्या माणसाकडे जा आणि ताईचं लग्न उतरवून घ्या. उभं राहून, तुमच्यासमोर आधी त्याची टाकाऊ कॅसेट चालवायला सांगा. नेण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडा बघा. पाटण, महाबळेश्वर, कोयनेकडच्या दमट घरांतल्या कॅसेटवर पांढरे ठिपके दिसतात, ओल्या मटकीवर येते तशी बुरशी. ती दिसली तर चालवू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आधी टेप साफ करावी लागते आणि ते वेगळं काम आहे.

तरीही तुम्हाला हौस म्हणून व्हीसीआरवर हात बसवायचा असेल तर हेड साफ करताना कापसाची काडी वर-खाली घासू नका. मी एक हेड असंच मोडलंय. कागदाची पट्टी अल्कोहोलने ओली करा, हेड बसवलेल्या गोल ड्रमला आडवी टेकवून धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा. हात स्थिर, ड्रम फिरता. चालताना हा ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या घेतो आणि हेडचं टोक त्याच्या बाहेर केसाच्या जाडीएवढंच आलेलं असतं.

स्पीकरचं थोडक्यात. कोनची, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या शंकूची, कड फोमची असेल तर बोट लावताच भुगा होतो, रबराची किंवा कापडाची टिकते. फोमची कड एकटी बदलून मिळते. मंडप आणि डीजेवाल्यांचे कोन भरणाऱ्याकडे घरगुती वूफर देऊ नका, ते जाड कोन आणि कडक कॉइल बसवतात, मग आवाज लाउडस्पीकरसारखा. मीटरवर ८ ओमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो, तो बरोबर आहे, घाबरू नका.

मागच्या प्लेटवरचं व्होल्टेजही वाचा. गल्फमधून आलेला सेट बहुधा इथे चालतो. जपानमध्ये विकलेला १०० व्होल्टचा आणि अमेरिकेतला १२० व्होल्टचा थेट लावला तर संपला. आमच्या जिल्ह्यातले गलाईवाले, सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत, मुंबईकर घरोघरी आहेत, त्यामुळे कुठल्या बंदरावरचा माल विट्याच्या किंवा तासगावच्या माळ्यावर निघेल काही सांगता येत नाही.

आता मला चार गोष्टी कळवा. व्हॉल्यूम शून्यावर गुणगुण राहते की जाते. इनपुट अदलाबदल केल्यावर ती सरकते का. दोन्ही बाजूंचे डीसीचे आकडे, मिलिव्होल्टमध्ये. आणि डेकचं झाकण काढून बेल्टचा एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटोत पिंच रोलरही येऊ द्या.